आव्वाचा उरलेला सिनेमा

माझ्या आईनं जन्मात एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही, ही गोष्ट मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली. तेव्हा मला निवृत्त होऊन सदतीस दिवस झाले होते. निवृत्तीनंतरचे सदतीस दिवस कसे जातात ते ज्याचं त्यालाच माहीत. तेहेतीस वर्षं शाहूपुरीतल्या एका कार्यालयात आवक-जावक सांभाळलेला माणूस मी. क्रमांक पडल्याशिवाय एक कागद माझ्या टेबलावरून हलला नाही. आणि आता घरी माझ्या ताब्यात काय, तर निवडायची मेथी. तीसुद्धा मी निवडल्यावर आमच्या सौभाग्यवती, म्हणजे त्रिशला, पुन्हा एकदा निवडून घ्यायच्या.

मे महिन्याच्या सुट्टीला आमची मुलगी आदिती पुण्याहून उचगावला आली होती. बरोबर तिची सात वर्षांची चेलना. एका दुपारी सगळे टीव्हीवर सिनेमा बघत बसलो होतो. पडद्यावर मध्यांतराची पाटी पडली आणि आव्वा, म्हणजे माझी आई, गुडघ्यावर हात टेकून उठली ती थेट स्वयंपाकघरात.

"पणजीआव्वा, अजून संपला नाही!" चेलना ओरडली.

"माझा संपला," आव्वा आतून म्हणाली.

आम्ही खोदून खोदून विचारलं तेव्हा खरा प्रकार बाहेर आला. आव्वाचे सासरे दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. आम्ही जैन लोक, त्यात ते फारच काटेकोर. घरात चौदा माणसं, आणि चौदाच्या चौदा ताटं सूर्य असेतो वाढून, जेवून, घासून झाली पाहिजेत. आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सिनेमाचा भारी नाद. सोमवारी दुपारी दुकान बंद असलं की ते नव्या नवरीला घेऊन तीनच्या खेळाला जायचे. साडेचारला मध्यांतर झालं की दोघं उठायची, घरी पळायची, आणि आव्वा चुलीपुढं बसायची. पुढं सासरे गेले, चूल गेली, गॅस आला, पण मध्यांतराला उठायची सवय अंगात राहिली ती राहिलीच.

आता मला उलगडा झाला. लहानपणी आव्वा भाकरी थापता थापता आम्हाला सिनेमाच्या गोष्टी सांगायची. अर्धी गोष्ट रंगतदार असायची, गाणी, मारामारी, बिछडलेले भाऊ. पुढच्या अर्ध्यात मात्र सगळी माणसं एकाएकी शहाण्यासारखी वागू लागायची आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी यायची. एका गोष्टीत तर दरोडेखोरसुद्धा सहाला हातपाय धुऊन पाटावर बसला होता. मी शाळेत ती गोष्ट सांगून मार खाल्लेला आहे.

"एकाच सिनेमाचं लई मनात राहिलंय बघ," आव्वा म्हणाली. "तू पोटात होतास तवा. एक पोरगी बापाशी भांडून घरातनं निघती. हातात पत्र्याची ट्रंक. स्टेशनात उभी ऱ्हाती, गाडी शिट्टी घालती, आन् झालं की मध्यांतर! ती गाडीत बसली का घरला गेली, कायच कळलं न्हाय. नाव बी ठाव न्हाय त्येचं, पाट्या पडून गेल्यावर आत गेलतो. तुझं आप्पा दर खेपंला म्हणायचं, 'राजमती, एकदा पुरा सिनेमा दाखवतो तुला.' ऱ्हाऊनच गेलं. मला एकदा थेटरात बसून शेवट बघायचाय रं जिनू."

एक्याऐंशी वर्षांच्या बाईनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. नाही म्हणणं मला जमलंच नसतं, खोटं कशाला सांगू? त्याच वेळी, हेही खोटं सांगत नाही, माझ्यातला आवक-जावकवाला खडबडून जागा झाला. सदतीस दिवसांनी हाताला काम आलं होतं. मी मेथी बाजूला सारली आणि एक कोरी फाईल काढली. वर ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'आव्वा, सिनेमा, संपूर्ण.'

सिनेमा निवडायचं काम आदितीकडं दिलं. आव्वाची अट एकच होती. "कुठला बी चालंल. फकस्त त्येला शेवट पायजे."

आदितीनं एक कौटुंबिक मराठी सिनेमा शोधला. खेळ रविवारी दुपारी साडेतीनचा. पण सिनेमा चांगला पावणेतीन तासांचा, वर जाहिराती. मी कागदावर आकडे मांडले. सुटायला पावणेसात. घरी पोचायला सव्वासात. त्या दिवशीचा सूर्यास्त कॅलेंडरप्रमाणे सहा अठ्ठावन्न. म्हणजे आव्वा उपाशी झोपणार. आम्ही बाकीचे चातुर्मासापुरते काटेकोर, पण आव्वानं सासऱ्यांचा नेम मोडलेला नाही.

तेवढ्यात शेजारचे उदयसिंह आत आले. हे दुधाच्या धंद्यातले गृहस्थ, आवाज असा की म्हशी दोन गल्ल्या पलीकडं कान टवकारतात. आमच्या घरात काही शिजायला लागलं की त्यांना वास लागतो. "डबा न्ह्या की मग! मध्यांतराला आव्वाला जेवाय घाला. त्यात काय एवढं इचार करताय मगदूमसाहेब?"

"बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, बाबा," आदिती म्हणाली.

"कोण देत न्हाय? मी येतो की संगं! जीप हाय आपली. आन् शिटा मागच्या घ्या, पुढं बसलं की मान धरती."

त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी वर्षाराणी आल्या. त्यांचा सल्ला निराळा. "आत गारठा लई असतोय. मी गेलते तर माझे दात वाजत होते. आव्वांना शाल, मोजे आन् कानटोपी घाला." बाहेर एकोणचाळीस अंश ऊन होतं. आव्वानं कानटोपीला साफ नकार दिला, पण शाल मान्य केली.

डब्याचा प्रश्न मात्र नियमांचा होता, आणि नियमांचा प्रश्न नियमानंच सोडवायचा ही माझी तेहेतीस वर्षांची शिस्त. मी चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांना रीतसर अर्ज लिहिला. 'विषय: वयोवृद्ध मातोश्रींना सूर्यास्तापूर्वी भोजन करण्यासाठी एक डबा (तीन कप्पी) प्रेक्षागृहात नेण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...' तीन प्रती काढल्या. सोबत सूर्यास्ताच्या वेळेसाठी कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स जोडली.

व्यवस्थापक विश्वजित नावाचा पोरगेलासा तरुण होता. त्यानं अर्ज उलटासुलटा करून पाहिला. असा कागद त्याच्या आयुष्यात आला नसावा. "काका, आत पॉपकॉर्न मिळतंय की."

"आमची आई एक्याऐंशी वर्षांची आहे. तिला दात बारा आहेत," मी गंभीरपणे सांगितलं.

"मग डॉक्टरचा दाखला आणा. औषधपाण्याचं कारण असलं तर देता येतंय."

डॉक्टरांकडं आव्वाला घेऊन गेलो. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, आणि माझ्याकडं बघितलं. "यांना काय झालंय? तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत. तुमचाच चेहरा उतरलाय. काय म्हणून लिहू?" मी पंधरा मिनिटं विनवण्या केल्यावर त्यांनी लिहून दिलं, 'यांनी वेळेवर जेवणे आवश्यक आहे.' हा दाखला कोल्हापुरातल्या कुठल्याही माणसाला डोळे झाकून देता आला असता. पण त्यावर शिक्का होता, आणि शिक्का पाहून विश्वजितनं परवानगीच्या चिठ्ठीवर सही केली. ती चिठ्ठी मी फाईलला लावली त्या क्षणी मला आप्पांची आठवण झाली. त्यांना जे जमलं नाही ते आपण कागदोपत्री करून दाखवलं, असं वाटून छाती जरा फुगली. ती अशी फुगायला नको होती.

रविवार उजाडला. पावणेतीनला निघायचं ठरलं होतं. घरातल्या बायका वेळेवर तयार होत नाहीत हा माझा अनुभव, म्हणून मी सगळ्यांना दीडचा आकडा सांगितला. आणि काय आश्चर्य, सगळ्या दीडला तयार! आव्वा तर ठेवणीतलं इरकल नेसून एकपासूनच दारात बसलेली. आता सव्वा तास करायचं काय? चेलनानं सापशिडी काढली.

"एक डाव होऊन जाऊ दे," मी म्हणालो. हे शब्द माझेच आहेत, ते मी नाकारत नाही. एवढंच नाही, दिवाणावर पट सपाट राहीना म्हणून त्याच्याखाली मी माझी फाईलसुद्धा सरकवली.

आमच्या घरातल्या खेळाची एक रीत सांगायला हवी. आव्वाच्या राज्यात डाव अर्धा सोडायचा नाही. मग पत्ते असोत, सागरगोटे असोत, सापशिडी असो. आणि पहिला जिंकला म्हणून डाव संपत नाही. शेवटचा माणूस घरात पोचेपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. "समदी घरला आल्याबिगर उठायचं न्हाय," हा तिचा कायदा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

अडीचच्या आत चेलना शंभरावर पोचली. मग आव्वा. मग आदिती. मग त्रिशला, तीही माझ्याकडं न बघता. पटावर माझी एकट्याची हिरवी सोंगटी राहिली, सत्त्याण्णववर. मला तीन हवे होते. पडला एक. अठ्ठ्याण्णववर साप. त्या सापानं मला गिळून थेट अठ्ठावीसवर आणून सोडलं.

पावणेतीनला जीपचा भोंगा वाजला. मी कसाबसा पुन्हा पंच्याण्णववर चढलो होतो. "चला, राहू दे हे," मी उठत म्हणालो.

"बस खाली," आव्वा म्हणाली.

"आव्वा, सिनेमा!"

"डाव अर्धा टाकून जायाचं न्हाय. अर्ध्यातनं उठून उठून माझा जलम गेला. माझ्या घरात कोण अर्ध्यातनं उठणार न्हाय."

मी बसलो. पडला तीन. पुन्हा अठ्ठ्याण्णव, पुन्हा साप. तोवर उदयसिंह आत येऊन बसले होते, मागोमाग वर्षाराणीही. "फासा असा हळू सोडायचा न्हाय, साहेब! मूठ घट्ट दाबा, फुंका, आन् आपटा!" मी आपटला. फासा कपाटाखाली गेला. तो काढायला दहा मिनिटं आणि एक केरसुणी लागली. वर्षाराणींनी पूर्वेकडं तोंड करून बसायला सांगितलं. बसलो. तिसऱ्यांदा सापानं गिळलं.

साडेतीन वाजले. तिकडं पडद्यावर जाहिराती सुरू झाल्या असतील. पावणेचारला मी पुन्हा सत्त्याण्णववर होतो, आणि आता कबूल करतो, माझा तोल गेला. फासा टाकताना मी करंगळीनं त्याला हलकेच एक धक्का दिला. तीन!

"आजोबांनी बोटानं पाडलं!" चेलना किंचाळली. "मी बघितलं! चीटिंग!"

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एक ठपका आला नव्हता. आव्वानं माझ्याकडं नुसतं बघितलं. पाचवीत असताना देवळातल्या पेटीपुढचे बदाम खिशात घातले होते तेव्हा बघितलं होतं, तसंच. "मागं घे," ती म्हणाली. मी सोंगटी मागं घेतली. त्रिशलानं पदरात तोंड लपवलं. ती हसत होती, हे खांद्यांवरून कळत होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी, सापाच्या पोटातून आणखी एकदा जाऊन आल्यावर, माझं काही कौशल्य नसताना, फासा आपला आपण तीनवर थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उदयसिंहांनी तर "नाद खुळा!" म्हणून आरोळी ठोकली. आम्ही उठलो, शाल, डबा, पाण्याची बाटली घेऊन जीपकडं धावलो. फाईल सापशिडीखालीच राहिली.

वाटेत उदयसिंहांनी तीन ठिकाणी जीप हळू केली, कारण तीन ठिकाणी ओळखीची माणसं उभी होती. प्रत्येकाला खिडकीतून डोकं काढून सांगायचं, "आव्वाला शेवट दाखवाय निघालोय!" एका म्हाताऱ्यानं हे ऐकून काळजीनं हातच जोडले. मी सीटवर बसून घड्याळाकडं बघत होतो. आव्वा खिडकीतून रस्ता बघत होती, तिला कसली घाई नव्हती.

पावणेपाचला चित्रपटगृहाच्या दारात पोचलो. दारावरचे रखवालदार पिराजी यांनी पिशवीला हात लावला आणि डबा बाहेर काढला.

"पावणं, ह्यो आत जाणार न्हाय."

"माझ्याकडं लेखी परवानगी आहे," मी रुबाबात म्हणालो आणि काखेत हात घातला. काखेत फाईल नव्हती. पिशवीत नव्हती. जीपमध्ये नव्हती. मग मला सापशिडी आठवली, आणि तिच्याखालचं सगळं आठवलं.

"व्यवस्थापकांना बोलवा. विश्वजित. त्यांची सही आहे."

"साहेबांची आज सुट्टी हाय."

मी त्यांना अर्जाचा मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पर्यंत पिराजींनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "तुमचं समदं खरं हाय, पण डबा आत जाणार न्हाय." मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. उदयसिंहांनी चढवला तेव्हा तिकीट खिडकीतली मुलगी उठून उभी राहिली. दहाएक मिनिटं हा सवाल-जबाब चालला होता, आणि मग आदितीनं माझी बाही ओढली. "बाबा. तिकडं बघा."

आव्वा पिराजींच्या खुर्चीवर बसून शांतपणे जेवत होती. मांडीवर रुमाल, त्यावर डब्याचे तीन कप्पे. चपाती, दोडक्याची भाजी, दहीभात. "दिवस हाय तवर जेवले की झालं," ती म्हणाली. "आत कशाला न्यायचा डबा? हितं मस्त वारं येतंय. पिराजी, दहीभात खातोस काय रं बाळा? सकाळधरनं उभा हाईस."

पिराजींनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, आणि ओंजळ पुढं केली. अर्ज, तीन प्रती, कॅलेंडरची झेरॉक्स, डॉक्टरांचा दाखला, सही. दहा दिवस. दारात बसून जेवावं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आवक-जावकमध्ये अशा गोष्टीला रकानाच नसतो.

जेवण झालं, चूळ भरून झाली, आणि पिराजींनी स्वतः आव्वाला हात देऊन आत नेलं. "या आजी, पायरी हाय, जपून." आम्ही अंधारात शिरलो. पडद्यावर कुणीतरी रडत होतं. आव्वा पहिली पायरी चढली आणि दिवे लागले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत मध्यांतर!

आव्वानं ते वाचलं. साठ वर्षांची सवय ती. ती जागच्या जागी वळली आणि दाराकडं चालू लागली. "चला. बघितला."

"आव्वा!" मी तिचा दंड धरला. "अगं, आता तर सुरू होतोय!"

ती क्षणभर गोंधळली. मग पदर सावरून खुर्चीत बसली, आणि पुढचा दीड तास हलली नाही. मी मात्र पडद्याकडं बघूच शकलो नाही. आईला पुरा सिनेमा दाखवायचा होता, आणि मी तिला पुन्हा अर्धाच दाखवत होतो. आप्पांनी निदान पहिला अर्धा तरी दाखवला होता. पडद्यावर कोण कुणाचं होतं, कशावरून भांडण झालं होतं, काही कळायला मार्ग नव्हता. त्रिशला सारखी विचारत होती, "हा नवरा की भाऊ?" आव्वानं एकदाही काही विचारलं नाही. ती पुढं वाकून, शाल मांडीवर टाकून, एकटक बघत होती. शेवटी एक थकलेली बाई बॅग घेऊन एका दारात उभी राहिली. आतून म्हातारा बाप आला. दोघं बोलली नाहीत. त्यानं नुसती तिच्या हातातली बॅग घेतली आणि आत नेऊन ठेवली.

"आली गं बाई," आव्वा मोठ्यानं म्हणाली. "आली घरला." पुढच्या रांगेतल्या चार माणसांनी वळून बघितलं. आव्वा डोळे पुसत होती. नावांच्या पाट्या संपून पडदा पांढरा झाला, झाडणारी माणसं आली, तरी ती उठेना. पुरता संपल्याची खात्री करून मगच उठली.

बाहेर अजून उजेड होता. मी पायरीवर तिच्यापुढं उभा राहिलो. "आव्वा, चुकलं माझं. सगळं नियोजन करून पहिला अर्धा बुडवला मी. उद्याची तिकिटं काढतो. पहिल्यापासून बघू."

"पैल्यापास्नं कशाला?" आव्वा म्हणाली. "सुरवात बघितलीया की मी. तुझ्या आप्पांच्या संगं."

जीपमध्ये तिनं चेलनाला सगळा सिनेमा सांगितला. बापाशी भांडून पोरगी निघाली इथपासून. ट्रंक, स्टेशन, गाडीची शिट्टी. मग ती गाडीत बसली, परगावी गेली, लई सोसलं तिनं, आणि शेवटी ट्रंक झिजून तिची बॅग झाली तेव्हा घरी परत आली. उदयसिंह गाडी चालवता चालवता इतके रमले, की रस्त्यात दोन ओळखीचे भेटले तरी त्यांनी हाक मारली नाही.

चेलना विचारात पडली. "पण पणजीआव्वा, ती पहिली मुलगी वेगळी होती ना? आणि ही वेगळी."

"अठ्ठावन्न वर्षांत माणूस जरा बदलतंयच की," आव्वा म्हणाली.

घरी आलो तेव्हा दिवस मावळला होता. दिवाणावर सापशिडी तशीच पडली होती, माझी हिरवी सोंगटी शंभरावर. मी खालची फाईल ओढून काढली. कामकाज पूर्ण झालं की फाईल बंद करायची असते. पण शेरा काय लिहावा ते सुचेना, म्हणून पेन हातात घेऊन बसून राहिलो. आव्वा शाल घडी करत आतल्या खोलीत गेली. तिथं भिंतीवर आप्पांचा फोटो आहे. ती त्याच्यापुढं उभी राहिली, आणि बाजारातून आल्यावर निरोप सांगावा तितक्या साध्या आवाजात बोलली.

"अवो, ऐकलं का? ती पोरगी घरला आली बरं का."

मी फाईलवर लिहिलं, 'संपूर्ण' आणि तारीख घातली.